पस्तीस मिनिटांत कोण किती बोललं

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. टेंभुर्णीच्या शाळेतल्या लोखंडी कपाटात राहतो. नवा कोरा असताना जालन्याहून एसटीनं आलो, तेव्हा मला बघायला निम्मा गाव लोटला होता. पुढं पंधरा ऑगस्टची भाषणं, गॅदरिंगची गाणी, सगळं वाजवलं. एक खोड मात्र जन्माची: कोण किती बोललं, याचा हिशेब मी पक्का ठेवतो.

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्याच्या दुसऱ्या वर्षी डी.एड. शिकणारी बेबीनंदा दुसरीच्या वर्गावर सराव पाठ घ्यायला आली. विषय होता इंग्रजी ऐकणं आणि बोलणं. तिनं पाठ दणक्यात घेतला. ती म्हणे ते पोरं मागोमाग ओरडत, पत्रे हादरत. बाई खूष. शेवटी, पाठ तपासायला डी.एड. कॉलेजातून आलेल्या आणि मागं बसलेल्या भालचंद्र सरांनी पोरांना विचारलं, "व्हॉट इज युवर नेम?"

सगळा वर्ग एका दमात ओरडला, "व्हॉट इज युवर नेम?"

सर शांतपणे म्हणाले, "उद्या पाठ पुन्हा घ्या. तोही असाच झाला, तर यंदा परीक्षेला बसता येणार नाही."

संध्याकाळी बेबीनंदा मला आत्याच्या घरी घेऊन गेली. अख्खा पाठ माझ्यात भरलेला होता. दुर्गाआत्या भाकरी थापत ऐकत होती.

"नंदे, आज शाळंत पोरं आल्ती का न्हाई? तुझंच तोंड चालू हाय."

"सगळी बोलली की, आत्या."

"बराबर. मंग एकाचं तरी नाव सांग."

बेबीनंदानं मला पुन्हा पुन्हा मागं फिरवलं. पस्तीस मिनिटांत तीस तिची, पाच गलक्याची. एकट्या लेकराचा आवाज? शून्य. माझ्या हिशेबात सूट नसते.

तिनं बटण दाबून मला थांबवलं. मग हसून म्हणाली, "उद्या मीच कमी बोलते."

आणि काय तो दुसरा दिवस, मित्रांनो! ती "टच युवर नोज" म्हणाली. पोरं सवयीनं तेच ओरडली. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि स्वतःचं नाक धरलं. तिसऱ्या खेपेला वर्ग नुसती नाकं धरून खदखदत होता. मग हुकूम पोरांनी सोडायचे आणि बाईंनी पाळायचे. हातांचं रान उगवलं!

तिनं बोलावलं मात्र चांगुणाला. ही पोरगी हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. पुढं येऊन गप्प उभी. बेबीनंदाचे ओठ शिकवायला शिवशिवत होते, पण तिनं ते दाबून धरले. माझी चाकं अकरा सेकंद कोरी फिरली.

चांगुणानं शेवटच्या बाकाकडं पाहिलं. "सर, स्टँड अप."

भालचंद्र सर उभे राहिले. मांडीवरची वही खाली पडली.

"जंप."

सरांनी बेबीनंदाकडं पाहिलं, धोतराचा सोगा सावरावा तसा पँटचा पट्टा सावरला आणि उडी मारली. वर्ग बाकांवर चढला.

"मलाच पाठात घेतलं की तुम्ही," सर धापा टाकत म्हणाले. "बसा परीक्षेला."

आता माझी बटणं अडकतात, आतला पट्टा सैल झालाय. मला भंगारात घालायचं तर घाला, पण पोटातली ती कॅसेट आधी काढून घ्या. तिच्यावर गाणी भरता येऊ नयेत म्हणून बेबीनंदानं कडेचे दोन्ही तुकडे मोडून ठेवलेत. तिच्यात सरांच्या बुटांचा धप्प आवाज आहे, आणि त्याच्या आधी चांगुणाचा. तेवढी ती धुळीपासून जपा.