दोन्ही बाजूंची तालीम

मित्रांनो, मी एक जुना सागवानी दरवाजा आहे. ज्ञानमंदिराचं महाद्वार म्हणतात ते मीच. म्हणजे इमारतीचं मोठं दार खाली आहे. मी दुसऱ्या मजल्यावरचा, स्वच्छतागृहाच्या शेजारचा. पण संशोधन माझ्यातूनच आत जातं आणि बहुतेक वेळा तोंड पाडून बाहेर येतं.

सुताराने रंधा मारून मला उभं केलं, तेव्हा येणारेजाणारे हात फिरवून कौतुक करत. पुढे माझ्यावर सरांच्या नावाची पाटी लागली आणि लोक मला हात लावायला कचरू लागले. विद्यार्थी आधी बाहेर उभं राहून तालीम करत. पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाची एक विद्यार्थिनी तर कित्येक दिवस एकच वाक्य घोकत होती, "सर, नमुने सावलीतही तडकतायत." सिमेंटला तडे उन्हाने जातात, हे सरांचं आयुष्यभराचं म्हणणं. ती आत जाऊन "सर, नमुने..." म्हणे, आणि सर म्हणत, "ऊन वाढव."

शेवटी ती मैत्रिणीला म्हणाली, "आता एकदाच बोलून बघते. नाहीतर प्रबंधाला रामराम."

त्याच सुमारास विद्यापीठाने मार्गदर्शकांसाठी प्रशिक्षण काढलं: विद्यार्थ्याशी बोलावं कसं.

"मला शिकवणार? माझे केस काय उन्हात पांढरे झालेत?" सर म्हणाले.

"तुमच्या मते सगळं उन्हानेच होतं ना," शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापक बाई म्हणाल्या.

प्रशिक्षणाहून सर परतले ते धुमसतच. "सरावासाठी मला विद्यार्थी केलं, आणि ती शिकवणारी पोरगी सारखी मध्येच तोडत होती. एक वाक्य धड पुरं करू दिलं नाही हो."

"मग, कसं वाटलं?" बाईंनी विचारलं.

सरांनी मला धाडकन लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी विद्यार्थिनी बाहेर पुटपुटत उभी होती. आणि माझ्या आतल्या अंगाला सर पुटपुटत होते, "तुझं काय म्हणणं आहे? तुझं... म्हणणं काय आहे?" मित्रांनो, आतून तालीम मी पहिल्यांदाच ऐकली.

सरांनी मला उघडलं. ती बोलली. सरांचे ओठ दोनदा हलले, पण ऊन काही बाहेर पडलं नाही.

"सावलीत? बस. सगळं सांग."

जेवणाची सुट्टी संपली तरी ती सांगतच होती. प्रबंध तिच्याच निष्कर्षाने पुरा झाला. सही करताना सर एवढंच म्हणाले, "सावलीत बघायचं मला सुचलंच नाही."

म्हणून विनवतो, मित्रांनो, माणसाचं वाक्य मध्येच तोडू नका आणि दरवाजाची बिजागरी हिसकू नका. दोन्ही खिळखिळी होतात.

विद्यापीठाच्या अहवालात प्रशिक्षण यशस्वी ठरलं आहे. संवाद आणखी मोकळा व्हावा म्हणून पुढच्या महिन्यात माझ्या जागी काचेचा दरवाजा बसतोय. त्यातून आवाज जात नाही.