लोखंडी दारावरची थाप

मित्रांनो, मी एक जुनी बोट आहे; पण तुम्ही चित्रात काढता तशी नाही. मला शीड नाही, टोकदार नाक नाही. माझे बूड सपाट आणि तोंडाच्या जागी एक भलेमोठे लोखंडी दार. मी वाळूला टेकले की साखळ्या सैल सोडायच्या, दार पुढे पडायचे आणि त्यावरून शिपाई धावत उतरायचे. समुद्रातून येऊन किनाऱ्यावर लढणाऱ्या शिपायांची ने-आण करायची, यासाठीच मला घडवले. आज मी ओमानच्या किनाऱ्यावर एका भंगाराच्या आवारात पडून आहे. अंगावर खडूच्या खुणा झाल्या आहेत. उद्या मला कापणार आहेत.

ओमानच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत लढाई चालू होती, तेव्हा मी तरुण होते. माझ्या दारापाशी दोन खलाशी असत, हुसैनमियाँ आणि जहूर, दोघेही रत्नागिरीकडच्या जयगडचे. हुसैनमियाँ साखळ्या सांभाळायचा. जहूर पाण्यात उतरून शिपायांना हात द्यायचा आणि सगळ्यांच्या शेवटी आत यायचा. त्याची जीभ भारी चालायची. लाटांनी सगळे ओकू लागले की तो म्हणे, "हुसैन, तुझ्या निकाहाचं जेवण जेवून पण लोकांचे असेच हाल झालेले रे!" हुसैनमियाँ हसे, आणि त्याला हसताना बघून एक शब्दही न कळलेले अरब शिपाईसुद्धा हसत.

आमच्याकडे एक रीत होती. परत येणाऱ्याने आत पाऊल टाकताना दाराच्या कडेवर तळहाताने थाप मारायची. धुरात, काळोखात चेहरे दिसत नसत. म्हणून हुसैनमियाँ थापा मोजायचा. सगळ्या पडल्या की दार वर. मला त्या थापा फार आवडत. तुम्हाला नवल वाटेल, पण लोखंडाला माणसाच्या हाताची ऊब कळते.

एका पहाटे किनाऱ्यावरून गोळ्या सुटू लागल्या. शिपाई वाकून पळत आले. थापा पडत गेल्या. शेवटची, जहूरची, तीही पडली.

"खलास! सगळे आले!" हुसैनमियाँ ओरडला. दार वर गेले, इंजिन उलटे फिरले.

ती थाप हाताची नव्हती. लाटेवर तरंगत आलेली एक रिकामी पेटी माझ्या कडेवर आपटली होती. मला ते कळले. पण बोटीला वाचा कुठली? आणि मग बंद दारावर बाहेरून खरी थाप पडली. मग आणखी एक. इंजिनाच्या घरघरीत आत कोणाला ऐकू गेले नाही. मी मागे मागे सरकत राहिले.

उजाडल्यावर चेहरे दिसले. जहूरचा नव्हता. हुसैनमियाँ एकच म्हणत राहिला, "थाप पडलेली. मी ऐकली." त्याला कोणी रागावले नाही. तेच त्याला सोसले नाही.

लढाई संपली. मला नवा रंग दिला, माझे फोटो काढले. पुढे मी सिमेंट वाहिले, पाण्याच्या टाक्या वाहिल्या. मग माझी गरज संपली आणि दार गंजून बसले. पण भरतीचे पाणी चढले की बाहेरून कोणीतरी दारावर हात टेकवते. मी रोज कान देते. तो माझा नेमच झाला आहे.

आज दुपारी आवारात एक गाडी आली. काठी टेकत हुसैनमियाँ उतरला. दाढी पार पांढरी. सोबत त्याची लेक झरीन, इथे ओमानमध्येच रुवीत राहणारी. आवाराचा सुपरवायझर राकेश पुढे आला. तो नागपूरचा निघाला, म्हणून बोलणे मराठीत झाले.

"भाऊ, अब्बांना हिचं दार एकदा उघडून हवंय," झरीन म्हणाली.

"मॅडम, ते जाम झालंय. सकाळी पहिलं तेच कापणार आहोत."

"कापू नको, बाबा," हुसैनमियाँ म्हणाला. "कापून पाडलेलं दार म्हणजे उघडलेलं नव्हं."

"घरीही आतून कडी लावू देत नाहीत हे," झरीन हळूच म्हणाली. "शेजारी चिडवतात, हुसैनचाचांकडे मांजरंच पाहुणी येतात म्हणून."

राकेशने माझ्याकडे बघितले. "चाचा, आत कोण आहे?"

"आत नाय रे. भायेर."

 राकेश कामगारांकडे वळून ओरडला, "यल्ला, चला, तेल आणा! आणि मोठा हातोडा!"

त्यांनी साखळ्यांत तेल ओतले, बिजागऱ्या ठोकल्या. सांज होत आली. अखेर मी किंचाळले आणि माझे दार ओल्या वाळूवर धाडकन पडले. झरीन आणि राकेशने शिडीवरून आत आणलेला हुसैनमियाँ आतून चालत दाराच्या कडेपर्यंत गेला. भरतीचे पाणी त्याच्या पायांत आले.

"जहूर," त्याने हाक मारली, "ये रे. मी दार धरून उभा हाय."

कडेवर थाप पडली. झरीनने दचकून त्याचा हात धरला.

"लाट हाय ती," तो म्हणाला. "आता मना फरक कळतो."

जाताना तो राकेशला एवढेच म्हणाला, "दार शेवटी काप. तोवर लावू नको." राकेशने दारावरची खडूची खूण तळहाताने पुसून टाकली.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. दार लावण्याआधी नुसत्या आवाजावर विसंबू नका. बाहेर डोकवा, नावाने हाक मारा, चेहरा बघा. मग कडीला हात लावा.

आता आवारात कोणी नाही. पाणी चढत आत येते आहे. मी कान देऊन आहे, आणि माझे दार उघडे आहे.