राशीपुढं बोलायचं नसतं

त्या साली सुगीत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. भाकरी थापायला बसले की तव्यावरची करपायची. पाणी शेंदायला गेले की घागर आडावरच विसरून रिकाम्या हातानं घरी यायची. "द्वारके, तुला भूत लागलंय," आमचे हे म्हणायचे. भूत कसलं लागतंय! घरात दोन पक्ष झाले होते आणि चूल एकच होती.

ह्यांचं नाव बलभीम. घेतलं बाई एकदा नाव, सांगायला बसल्यावर करणार काय. ह्यांची पाच एकर कोरडवाहू जमीन, म्हणजे हे मालकांतले. आणि मी दर सुगीला आण्णासाहेबांच्या रानात ज्वारीची कणसं खुडायला जायची, म्हणजे मी मजुरांतली. पाच एकरांत वर्ष निघत नाही, म्हणून जायची. इतकी वर्षं ह्यात कुणाला काही वावगं दिसलं नव्हतं. पण महाराष्ट्र होऊन दोन वर्षं होत आली, निवडणूक आली, आणि जळकोटच्या बाजारात भोंगा लावलेली जीप ओरडत फिरली, की शेतमजुराला किमान वेतन मिळालंच पाहिजे. निवडणूक झाली, जीप गेली, तो शब्द मात्र कोसभर आत आमच्या गावापर्यंत येऊन बसला.

चावडीपुढं रोज तोच वाद चालायचा. बब्रुवान नावाचा झेंडेवाला सायकल मारत यायचा आणि सांगायचा, "सरकारनं मजुरीचा रोज ठरवून द्यावा. त्याच्याखाली जो देईल त्याच्यावर खटला!" आण्णासाहेब ओट्यावर पान जमवत ऐकायचे. गावातली निम्मी काळी जमीन त्यांची. आवाज कधी चढवायचे नाहीत. "ठरवा की," ते म्हणायचे. "म्या निम्मं रान गवताला सोडतो. गवताला ना खुरपणी, ना खुडणी. मग बायांनी बब्रुवानाच्या घरी जावं रोज मागायला." लोक हसायचे आणि मग एकेक करून उठायचे. हा माणूस धमकी देत नव्हता, सरळ सांगत होता, आणि त्याचीच जास्त भीती वाटायची.

घरी आले की ह्यांचं सुरू. "आण्णासायबाचं जाऊ दे. आपल्या खुडणीला सा बाया लागत्यात. सगळ्यांस्नी गड्याचा रोज दिला तर आपुन काय खायचं, कडबा?"

"मग मला मिळंल की वाढीव रोज. त्यातनं द्या."

"तुझा येणार सुगी सरल्यावर. माझा जाणार लगीच."

ह्यांचं खोटं नव्हतं, हेच तर डोक्यात जायचं. माणूस चुकत असला तर भांडायला मजा येते. बरोबर असला की नुसता जीव तळमळतो.

आमच्या टोळीची म्होरकी होती कुलसुमबी. वयानं माझ्या आईएवढी, अंगानं काटकुळी, पण खुडायला लागली की तिच्या मागं कुणाला राहता यायचं नाही. कुठल्या रानात कधी उतरायचं, कुणाला टोळीत घ्यायचं, सगळं ती ठरवायची आणि सगळ्या मुकाट ऐकायच्या. न्याहारीला बाभळीखाली बसलो की आमची वेगळी चावडी भरायची.

"रोख पैसा मागा," नागूबाई म्हणायची. तिच्या तोंडाला लगाम म्हणून नव्हता.

"रोख नको," कुलसुमबी म्हणायची. "जवारी सीधी घरात येती. रुपाया गड्याच्या हातात जातो आन वाटेतच कुठंतरी उतरतो."

चार दिवस भांडून एवढं एकमतानं ठरलं: धान्य असो की रोख, बाईचा रोज गड्याच्या बरोबरीचा पाहिजे, आणि बारा महिने तोच. सुगीत एक आणि खुरपणीला त्याच्या निम्मा, हे बंद. एवढ्यात बातमी आली, की मजुरी ठरवणाऱ्या समितीचा साहेब उस्मानाबादहून येणार, चावडीवर बसणार आणि मजुरांचं म्हणणं लिहून घेणार. एकदाच येणार. आपल्या भागातलं जे कागदावर जाईल त्यावरून पुढचं ठरणार. "बोलायचं कुणी?" म्हटल्यावर सगळ्यांनी कुलसुमबीकडं पाहिलं. "बोलंन की," ती म्हणाली. "अल्लानं तोंड दिलंय ते काय निस्तं भाकर खायला?"

साहेब यायच्या दिवशी सकाळीच आण्णासाहेबांचा निरोप आला: आज रास मोजायची, सगळ्या बायांनी खळ्यावर यावं.

इथं एक सांगायला हवं. आण्णासाहेबांकडं मजुरी रोजच्या रोज मिळत नसे. सगळी सुगी राबायचं, मळणी झाली की रास मोजतानाच एकेकीनं राशीतून आपलं माप घ्यायचं. तीच आमच्या घरची पावसाळ्यातली भाकरी. आणि रास मोजताना मापाड्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही. मापाडी पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतो, तिथून शेवटच्या पायलीपर्यंत मालक असो की मजूर, सगळे मुके. बोललं की राशीची बरकत उठून जाते. हिंदू असो, मुसलमान असो, आमच्याकडं हे आईच्या दुधाबरोबर मिळतं. मी लहान असताना एका बाईला राशीपुढं खोकला आला, तर तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

आणि मापाडी कोण? तर आमचे हे. ह्यांच्या हाताला बरकत आहे म्हणून आण्णासाहेब दर साली ह्यांनाच बोलवायचे.

आम्ही खळ्यावर पोचलो तेव्हा राशीला उदबत्ती लागली होती, नारळ फुटला होता. म्हटलं, पटकन उरकेल, मग चावडी गाठू. ह्यांनी डोक्याला टॉवेल बांधला, पायली राशीत खुपसली आणि म्हणाले, "लाभ."

आणि तेवढ्यात आण्णासाहेबांचा छकडा खळ्याला येऊन लागला. त्यातून साहेब उतरला. चष्मा, कातडी पिशवी, पोटभर जेवण झाल्याचं तोंडावर दिसत होतं. फाट्यावरून थेट वाड्यावर नेऊन जेवू घातलं होतं, आणि चावडीवर कशाला, मजूर सगळे खळ्यावरच आहेत, मोकळ्या रानात मोकळेपणी विचारा, असं सांगून आण्णासाहेबांनी त्याला इथं आणलं होतं. मुद्दाम केलं. गावातले काही म्हणतात की योगायोग होता. म्हणोत बापडे. मी त्या माणसाच्या मिशीतलं हसू पाहिलं आहे.

साहेब शहरातला, त्याला राशीचा नेम ठाऊक नव्हता, पण माणूस भला होता. आमच्यासमोर उभा राहिला आणि नीट विचारलं, "बायांनो, मजुरीबद्दल तुमची काही मागणी आहे का? भिऊ नका. कुणी काही करणार नाही."

"सात," आमचे हे म्हणाले. "आठ."

बाया माना खाली घालून बसल्या. कुलसुमबीनं ओठ असे दाबून धरले होते की पांढरे पडले होते. ती खाणाखुणा करू लागली, राशीकडं बोट दाखवू लागली, पण साहेबाला त्यातलं काय कळणार? त्याला वाटलं, बाई रास दाखवते आहे, मजुरी किती छान मिळते ते सांगते आहे. त्यानं मान डोलावली. आण्णासाहेबही गप्पच होते. त्यांनाही बोलता येत नव्हतं, पण त्यांना बोलायची गरज कुठं होती?

"म्हणजे तक्रार नाही?" साहेबानं पुन्हा विचारलं. थोडं थांबला. आभाळाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं. संध्याकाळची गाडी गाठायची होती. मग पिशवीवर कागद ठेवून त्यानं पेनाचं टोपण काढलं.

पायाचे अंगठे मातीत रुतवून मी बसले होते. बोलावं तर बरकत जाणार, आणि ती एकट्या आण्णासाहेबांची नव्हती, सगळ्या बायांचं वर्ष त्या राशीत होतं. न बोलावं तर हा माणूस लिहून मोकळा होणार, की इथं सगळं झकास आहे. ह्यांच्याकडं पाहिलं. हे मान वर करीनात. हात मात्र चालत होता, जरा जास्तच जपून चालत होता.

माझी पाळी आली. ह्यांनी माझी पाटी भरली, शिगोशीग. साऱ्या सुगीची माझी मजुरी. मी पाटी उचलली, डोक्यावर घेतली, दोन पावलं गेले. पेनाचं टोक कागदाला टेकलेलं दिसलं. माझ्यानं राहवेना. मागं फिरले आणि सगळी पाटी राशीवर उपडी केली.

तोंडातून शब्द काढला नाही. पण दिलेलं धान्य परत राशीत मिसळलं होतं. कोणाचं किती आणि मोजलेलं कुठलं, काही मेळ राहिला नव्हता. ह्यांचा हात हवेतच थांबला. पायलीतली ज्वारी हळूहळू सांडू लागली. ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं. वाटलं, आता सगळ्यांसमोर कानाखाली बसणार.

ह्यांनी पायली जमिनीवर पालथी ठेवली.

"रास बिघडली, आण्णासायेब," हे म्हणाले. "पयल्यापासनं मोजावी लागंल."

"मग मोज की! लगीच सुरू कर!" आण्णासाहेबांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चढलेला ऐकला.

"व्हय, मोजतो. जरा दम खातो. सकाळधरनं वाकून पाठ गेली." हे खळ्याबाहेर दगडावर जाऊन बसले, बंडीतून बिडी काढली आणि सावकाश पेटवली. पुन्हा लाभ म्हणेपर्यंत रास मुकी नव्हती, आणि लाभ म्हणणारा बिडी ओढत बसला होता.

"सायेब!" कुलसुमबी ओरडली, आणि बांध फुटावा तशा सगळ्या एकदम बोलू लागल्या. साहेब दचकून मागं सरला. "एक एक, एक एक बोला," म्हणत त्यानं लिहिलेल्या ओळीवर काट मारली. बाईचा रोज गड्याबरोबर, कुलसुमबीनं सांगितलं. बारा महिने, नागूबाईनं सांगितलं. मजुरी रोजच्या रोज, हे मी सांगितलं, ठरलं नव्हतं तरी. आण्णासाहेब म्हणाले, "बलभीम, झाली का बिडी?" हे म्हणाले, "झालीच," आणि त्या बिडीवर दुसरी पेटवली.

मी त्या माणसाबरोबर नांदले, भांडले, त्याची धोतरं धुतली. त्याच्यावर इतका जीव कधी जडला नव्हता.

पुढच्या सालापासून ह्यांना मोजायला बोलावणं येणार नाही, हे त्याच संध्याकाळी कळलं. साहेबाच्या कागदाचं काय झालं ते मात्र कळलं नाही. पण आठ दिवसांनी आमच्या पाच एकरांची खुडणी होती. उजाडताच कुलसुमबी टोळी घेऊन आली. दर साली ती धरून सहा बाया सरळ रानात उतरायच्या. ह्या वेळी बांधावरच थांबल्या.

"द्वारके," ती म्हणाली, "रोज काय?"

'तुम्ही तर घरच्याच की' असं ओठांवर आलं होतं. तिथंच अडकलं. ह्यांच्याकडं पाहिलं, तर हे बंडीत बिडी चाचपत होते आणि सापडत नव्हती.

"गड्याचा," मी म्हणाले.

"मग सा न्हाय जमायच्या, कुलसुमबी," हे खाली बघत म्हणाले. "चौघीच. बाकीचं आमी दोघं वढू. राग मानू नगा."

कुलसुमबीनं राग मानला नाही. ती वळली, तिनं आपल्या बायांना एकेकीला निरखून पाहिलं आणि चौघींच्या पाठीवर थाप मारली. त्या रानात उतरल्या. नागूबाई उरली. आणि कुलसुमबीनं स्वतःला धरलंच नव्हतं.

"अवो, तुमी तरी या," मी म्हणाले.

"ना गं. ज्यांच्या घरी खाणारी तोंडं जास्ती, त्यांनी जावं." ती बांधावर टेकली आणि चपलेतला काटा काढू लागली. "त्यांस्नी रोज मात्र सांच्याला पुरा दे. उधारी नको."

मी पदर खोचला आणि ज्वारीच्या दोन ओळींच्या, दोन तासांच्या मधे उभी राहिले. दोन्ही हातांनी खुडू लागले. दिवस माथ्यावर आला तरी त्या दोघींची जागा मला भरून काढता येईना.