संत्र्याच्या पेटीत राहणारी पुस्तके

मित्रांनो, सौंसरच्या एका संत्रा-शेडच्या भिंतीवर टांगलेली मी एक जुनी लाकडी पेटी आहे. रामाकोना येथील सुताराने मला घडविले. कित्येक हंगाम मी संत्री वाहिली. पुढे प्लास्टिकचे क्रेट आले आणि माझी रवानगी चुलीकडे होणार, असे ठरले. परंतु प्रतवारी करणाऱ्या वामनरावांनी मला उचलून भिंतीला ठोकले व माझ्यात आपली पुस्तके मांडली.

संत्रे तळहातावर येताच वामनराव त्याची प्रत सांगत. सहकाऱ्यांना पुस्तकेही ते त्याच रीतीने देत. माल चढविणाऱ्या विशालला त्यांनी रहस्यकथा दिली, वजनकाट्यावरच्या प्रतिभाला प्रवासवर्णन. दोघांनाही ती आवडली. शेडमध्ये माझी स्तुती होऊ लागली.

क्रेटमध्ये फळांखाली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, भरणाऱ्या केसरबाई पन्नाशीत अक्षरे शिकल्या होत्या. वाचन सुटले तर अक्षरे विसरू, अशी त्यांना धास्ती होती. एके दिवशी त्यांनी धीर करून पुस्तक मागितले. वामनरावांनी त्यांना न विचारताच सशाचे पातळ, सचित्र पुस्तक काढून दिले.

केसरबाईंचा चेहरा उतरला. "भाऊ, मी का अंगणवाडीत जाऊन राहिली?"

"वाचा ना मावशी, ससा चांगला हाय!" विशाल हसला.

"तूच वाच. तुह्या अकलेजोगं हाय."

त्यांनी पुस्तक परत ठेवले. त्यानंतर आठ दिवस त्या माझ्याकडे फिरकल्या नाहीत. नवव्या दिवशी वामनराव स्वतः त्यांच्यापाशी जाऊन बसले.

"चुकलो बाई. तुम्हाले काय आवडते, थे इचारलंच नाही मी."

केसरबाईंनी हातातले तणस बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "कोर्टाचं पाह्यजे. वकील, साक्षीदार, उलटतपासणी."

"थे लय जाड हाय."

"मंग? संत्रं का एका घासात खाते कोणी?"

वामनरावांनी माझ्यातील सर्वांत जाड कादंबरी त्यांच्या हाती दिली. आता जेवणाच्या सुट्टीत केसरबाई ओळीखाली बोट ठेवून रोज एक पान वाचतात. तीन महिने झाले, पुस्तक परतलेले नाही. वामनरावही मागत नाहीत.

मित्रांनो, फळाची प्रत हाताला कळते, माणसाची आवड मात्र विचारावी लागते. आणि कोणी सावकाश वाचत असेल तर त्याला घाई करू नका. काल केसरबाई नव्वदाव्या पानावर होत्या. "हा साक्षीदार खोटं बोलून राहिला," असे त्यांनी साऱ्या शेडला बजाविले. ती कादंबरी पूर्वीच वाचलेला विशाल तोंड उघडणार, एवढ्यात त्या कडाडल्या, "पुढचं सांगशील त पाह्यजो!"