ब्याऐंशी हजारांचे सहा हजार

मोहगाव रस्त्यावरच्या टिनाच्या शेडमध्ये गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. पांढुर्ण्याहून, पार छिंदवाड्याहून माणसं येत आणि भस्मवाल्या महाराजांच्या गादीमागे टांगलेले दोन कागद आधी डोळे भरून पाहत. देवाचा फोटो त्यांच्या बाजूला, जरा खालीच होता. कागद होते रक्ताचे रिपोर्ट. पहिल्यावर पांढऱ्या पेशी ब्याऐंशी हजार, तीन आठवड्यांनंतरच्या दुसऱ्यावर निरोगी माणसासारख्या सहा हजार. दोन्हींखाली धनश्रीची सही होती.

धनश्री सौंसरच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायची. हे रिपोर्ट तिच्या भाचीचे, सात वर्षांच्या तृप्तीचे. डॉक्टरांनी रक्ताचा कॅन्सर सांगून नागपूरची चिठ्ठी दिली आणि त्याच दिवशी धनश्रीच्या धाकट्या बहिणीने, शीतलने, पोरीला इथे आणून महाराजांच्या भस्माची पुडी सुरू केली. केमो चालू असताना शेजारची एक पोरगी गेली होती. शीतलच्या डोळ्यांसमोर तेवढंच होतं.

"पांढऱ्या पेशी म्हंजे पांढऱ्या डाकिणी," महाराज सांगत. "मी एकेक मोजून मारतो."

मोजायला त्यांना धनश्रीचं मशीन लागलं, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हतं. पण खरं सांगायचं तर धनश्रीही हादरली होती. तिने तो दुसरा नमुना तीनदा तपासला, आकडा तोच. तृप्तीचा ताप गेला, ती भाकर मागून खाऊ लागली, गाल गोबरे झाले. पंधरा वर्षं लोकांना अंगारेधुपारे सोडा म्हणणारी ही बाई स्वतःच्याच रिपोर्टपुढे गप्प बसली. पोरगी वाचत असेल तर आपण आयुष्यभर चुकीचे ठरलो तरी चालेल, असं तिला मनापासून वाटलं.

तिला भानावर आणलं साखरेने. गुडघेदुखीचे केशवराव महाराजांच्या पुडीने तुरूतुरू चालू लागले होते; लॅबमध्ये त्यांची साखर तीनशे निघाली. दम्याच्या मनकर्णाबाई त्याच पुडीवर, त्यांचीही चढलेली. दोघांना आधी साखर नव्हती, आणि दोघांचे चेहरे तृप्तीसारखेच सुजून गोल झालेले. धनश्रीने तृप्तीचं बोट टोचलं. दोनशे साठ.

तिने एक पुडी नागपूरच्या कॅन्सरच्या डॉक्टरांकडे पाठवली. त्यांनी ती तपासून घेतली आणि फोन केला. राखेत स्टेरॉइडच्या गोळ्या कुटलेल्या होत्या; साखर चढली, चेहरे सुजले ते त्यानेच. हेच औषध या आजारात आम्हीही देतो, ते म्हणाले, पण मोजून, दुसऱ्या औषधांच्या जोडीने. नुसतं दिलं तर बऱ्याच कॅन्सरपेशी मरतात, आकडा झरझर उतरतो आणि चिवट तेवढ्या मागे उरतात. रोगाशी लढणाऱ्या शरीराच्या चांगल्या पेशीही त्याने दबतात. पुडी एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं, पण पोरीला आजच आणा.

धनश्री तशीच बहिणीकडे गेली आणि पोरीला आजच नागपूरला नेऊ म्हणाली.

"ताई, थे जेवून राहिली, हसून राहिली," शीतल म्हणाली. "तुले काऊन पाहवत नाई?"

"पुडीनं चोर मारले, शीतल, पण बगीच्यातले राखणदारबी झोपवले. जे चोर उरले, थे आता पुडीले भेत नाई."

शीतलने दार लावून घेतलं. चार दिवसांनी तृप्ती तापाने फणफणली. अंगात जंतू पसरले होते आणि त्यांना अडवायला जाग्या पेशी नव्हत्या. मग शीतलच धावत आली. नागपूरला डॉक्टरांनी उपचार सुरू केले. आधी आली असती तर वाट सोपी होती, आता वचन देता येत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. शीतलने उरलेल्या पुड्या काढून त्यांच्यापुढे ठेवल्या.

पुढच्या गुरुवारी धनश्री शेडमध्ये गेली, आपल्या सहीचे दोन्ही कागद खाली उतरवले आणि पुडीत काय निघालं ते सगळ्यांना सांगितलं; ज्यांची चालू आहे त्यांनी एकदम न सोडता आधी डॉक्टर गाठावा, हेही बजावलं. मशीनला श्रद्धा काय कळते, असं महाराज हसून म्हणाले.

"मंग हेच पुडी तुमी महिनाभर खा," ती म्हणाली. "दर गुरुवारी तुमची साखर मी सर्वांसमोर तपासतो."

महाराजांची नेमकी तेव्हाच समाधीला बसायची वेळ झाली. ते पडद्याआड गेले. तरी निम्मी गर्दी जागची हलली नाही. पुढच्या रांगेत एक बाई होती, मांडीवर पांढराफटक पडलेला मुलगा, हातात नुकतीच मिळालेली पुडी.

"हेबी खोटं, तं मंग आमी जावं कोठी?" तिने विचारलं.

धनश्री तिच्याजवळ जमिनीवर बसली. "जो कोणी औषध देईल त्याले इचारा, यात काय आहे. सांगत नसंल तं लेकराच्या तोंडात घालू नोका. रक्त तपासा, डॉक्टरले दाखवा. थेबी सर्वांना वाचवू शकत नाई, बाई. पण थे खोटं बोलून तुमचे दिवस खात नाई." ती उठली आणि तिने मुलाला उचलायला हात पुढे केले. "नागपूरची बस आत्ता आहे. माही भाची तिथंच भरती आहे. चाला."

बाईने पुडी तिथेच ठेवली.