मुदतरावांची लाल पट्टी

"जगातली प्रत्येक थोर इमारत आधी कुणा एका माणसाच्या मस्तकात उभी राहते, जमिनीवर नंतर," असं मुदतराव मालकांच्या केबिनमध्ये म्हणाले. म्हणताना त्यांनी स्वतःच्या मस्तकाला बोट लावलं, म्हणजे कुणाच्या मस्तकाविषयी बोलणं चाललंय याबद्दल गैरसमज नको.

मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "छान," ते म्हणाले. "ते मस्तक गुरुवारी सकाळी क्लासला पाठवून द्या."

मुदतराव हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते साइटवरच्या गवंड्यांनी ठेवलं होतं. साइट इन्चार्ज म्हणून फिरताना मुदतराव दिसेल त्याला तारीख देत. "स्लॅब वीसला. प्लास्टर तीसला. रंगारी पाच तारखेला आत." वीस तारीख यायची, जायची, स्लॅबच्या जागी आभाळच दिसायचं. मग मुदतराव गवंड्याला झापत आणि नवी तारीख देत. त्यांच्याकडे सिमेंटचा तुटवडा पडे, वाळूचा पडे, तारखांचा मात्र कधी पडला नाही.

पण आता हॉस्पिटलच्या नव्या इमारतीचं काम आलं होतं आणि हॉस्पिटलवाल्यांना वेळापत्रक तोंडी चालणार नव्हतं. त्यांना ते कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममधून हवं होतं, दर आठवड्याला, पट्ट्या-पट्ट्यांचं : काम जितक्या दिवसांचं, तितकी लांब पट्टी. मालकांनी स्पष्टच सांगितलं : क्लास पास झालात तर काम तुमचं, नाही तर चष्मेवाल्याचं. चष्मेवाला हा धाकटा इन्चार्ज. त्याला ओळंबा कसा धरायचा हे मुदतरावांनी शिकवलं होतं. आता त्याच्या हाताखाली उभं राहायचं म्हणजे त्याच ओळंब्याला लटकण्यासारखं होतं.

क्लास एका फर्निचरच्या दुकानाच्या वर भरत असे. जिन्यात उभ्या केलेल्या गाद्यांना खांदा घासत मुदतराव वर पोचले, दार ढकललं, आणि समोर फळ्यापाशी हातात पेन घेऊन त्यांची सून उभी होती.

सून काहीतरी कॉम्प्युटरचं शिकवते इतपत त्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांना ते सांगतही असत. "आमची सून पट्ट्या रंगवते," असं म्हणून ते स्वतःच हसत, आणि पाहुणे हसले नाहीत तर पुन्हा सांगत. त्या पट्ट्या म्हणजे याच पट्ट्या, हे त्यांच्या या क्षणी लक्षात आलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. परत फिरावं तर मागून प्लंबिंगचा एक जाडजूड ठेकेदार दारात येऊन थांबला होता.

"या सर, बसा," सून म्हणाली. घरी ती त्यांना बाबा म्हणे. इथे ज्याला काही येत नाही अशा प्रत्येकाला ती सर म्हणत होती.

पहिला दिवस माऊस धरण्यात गेला. दुसऱ्या दिवशी सुनेनं सगळ्यांना एका लहान घराचं वेळापत्रक मांडायला लावलं : पाया, भिंती, छप्पर, प्लास्टर, रंग. इथे मात्र मुदतरावांना हुरूप आला. अहो, हे तर त्यांचं माहेरच. इतर मंडळी चाचपडत असताना त्यांनी खटाखट प्रत्येक कामापुढे तारीख टाकली, आणि हाताची घडी घालून ते प्लंबिंगवाल्याच्या कामाकडे दयेनं बघत बसले.

सून एकेकापाशी येत होती. येई, आणि पायाची पट्टी सहा महिने पुढे ओढी. प्लंबिंगवाल्याचा पाया सरकला तशा त्याच्या भिंती, छप्पर, रंग सगळं लटांबर शेपटीसारखं मागोमाग सरकलं. मग ती मुदतरावांपाशी आली, त्यांचा पडदा तिनं समोरच्या मोठ्या पडद्यावर लावला आणि पाया ओढला.

पाया गेला. बाकी सगळं जिथल्या तिथे.

मोठ्या पडद्यावर दिसत होतं ते असं, की पाया अजून खणायचाय आणि रंगारी दुसरा हात मारून घरी गेलाय.

"रंगारी उडतो वाटतं यांचा," प्लंबिंगवाला म्हणाला.

वर्ग हसला. सून हसली नाही, आणि तेच मुदतरावांना जास्त लागलं.

"सर, तुम्ही तारखा टाकल्यात. तारखा टाकायच्या नाहीत."

"मग टाकायचं काय?"

"काम किती दिवसांचं आणि कशानंतर काय, ते सांगायचं. एवढंच. तारीख प्रोग्रॅम काढतो."

"जन्मभर मी तारीखच देत आलोय."

"हो," सून म्हणाली, आणि पुढच्या बाकाकडे गेली. तो 'हो' मुदतरावांनी संध्याकाळपर्यंत चघळला.

त्या संध्याकाळी ते सुनेच्या आधीच जेवून मोकळे झाले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी बायकोला गाठून हळूच म्हणाले, "तिच्या कानावर घाल. परीक्षक घरचंच माणूस आहे म्हटल्यावर जरा सांभाळून घ्यावं."

"तुम्हीच घाला की. तुम्हाला तोंड नाही?"

"मी कसा सांगू? मी विद्यार्थी आहे."

बायकोनं कपाळाला हात लावला. पण ती आत गेली, आणि मुदतराव भरलेली पाण्याची बाटली पुन्हा भरायला म्हणून बोळात उभे राहिले. आतून भांड्यांचा आवाज आला, मग बायकोचा. तिला आडून बोलणं कधी जमलं नव्हतं.

"ते म्हणतायत, त्यांना पास कर."

"आई, त्यांना सांगा, हॉस्पिटलच्या भिंतीला घरचं-बाहेरचं कळत नाही." नळ बंद झाला. "सोमवारी शेवटचा दिवस. प्रत्येकानं आपल्या घरातलं एक काम मांडून आणायचंय. खरं मांडलं आणि जुळलं, की पास. आणि म्हणावं, बाटली भरली असेल तर बोळातला दिवा घालवा."

मुदतरावांनी दिवा घालवला आणि थोडा वेळ अंधारातच उभे राहिले. सुनेसमोर नापास होणं ही एक गोष्ट. पण तिच्याकडे वशिला लावला आणि तोही फुकट गेला, हे त्यांना स्वतःलाही सांगवेना.

रविवारी दुपारी सून आणि मुलगा बाहेर गेल्यावर त्यांनी ऑफिसनं दिलेला लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडला. काम कोणतं घ्यावं हे त्यांनी पक्कं केलं होतं, आणि त्यात, खोटं कशाला बोला, सुडाची थोडी फोडणीही होती. कामाचं नाव त्यांनी टाइप केलं : लग्नाला वेळेवर निघणे.

नात्यातल्या एकाही लग्नाला हे कुटुंब वेळेवर पोचलं नव्हतं. हे हॉलमध्ये शिरत तेव्हा लोक जेवून हात पुसत असत. मग मुदतराव दारातूनच, दोन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "काय करणार, आमच्या सूनबाईंचं आवरेल तेव्हा ना." लोक सुनेकडे बघत. ती हातातली भेटवस्तू सांभाळत उभी असे आणि काही बोलत नसे. आता तिच्याच प्रोग्रॅममधून तिचा उशीर पट्टीच्या रूपानं बाहेर काढायचा, असा बेत होता.

त्यांनी कामं लिहिली. वर्तमानपत्र. दाढी. आंघोळी, प्रत्येकाची वेगळी, कारण न्हाणीघर एकच. इस्त्री. भेटवस्तू बांधणे. कुलूप. गाडी काढणे. या वेळी तारखा टाकल्या नाहीत, वेळाही नाहीत. मुकाट्यानं कशाला किती वेळ लागतो आणि कशानंतर काय ते जोडलं. शिकवल्याप्रमाणे ते बटण दाबलं, जे दाबलं की ज्या कामांमुळे सगळं अडतं ती कामं लाल होतात आणि बाकीची निळी राहतात.

पहिल्या खेपेला हिशेबाप्रमाणे ते नवरीच्याही आधी हॉलवर पोचले. असं कधी झालं नव्हतं, तेव्हा कुठेतरी पाणी मुरत होतं. मुदतरावांनी वर्तमानपत्राची पट्टी जराशी वाढवली. मग, आसपास कुणी नाही हे बघून, खरी होती तेवढी केली. ते वर्तमानपत्र घेऊन न्हाणीघरात जात आणि दाराला कडी लावत हेही आता जोडावं लागलं. बाहेर सुनेची सोडून सगळ्या आंघोळी रांगेत उभ्या राहिल्या.

पडदा लाल झाला. वर्तमानपत्र लाल. दाढी लाल. त्यांची आंघोळ लाल. 'कोणता शर्ट घालू' लाल. तो शर्ट बदलून दुसरा, लाल, आणि त्याची इस्त्री बायकोच्या नावावर असली तरी तीही लालच, कारण ती दुसऱ्या शर्टाची वाट बघत होती. शेवटी गाडी, तिची किल्ली त्यांच्या पहिल्या शर्टाच्या खिशात.

या सगळ्या लाल डोंगराच्या पायथ्याशी सुनेची पट्टी होती. आखूड आणि निळी. तिच्या पुढे लांबच लांब मोकळी जागा.

कुठेतरी चूक असणार. मुदतरावांनी तिची पट्टी दुप्पट केली. निळीच. केस विंचरायला त्यांनी तिला इतका वेळ दिला की तेवढ्यात मेंढ्यांचा कळप कातरून झाला असता. तरी निळी. ती पहाटे सगळ्यांच्या आधी आवरून बसते, कारण नंतर न्हाणीघर मिळत नाही, हे प्रोग्रॅमला कळलं होतं. एकाच छपराखाली राहून मुदतरावांना कळलं नव्हतं. आणि त्या मोकळ्या जागेत ती काय करते? हे प्रोग्रॅमनं विचारलं नाही. मुदतरावांना मात्र आठवलं. त्यांचे मोजे शोधते. मग भेटवस्तू हातात घेऊन दाराशी उभी राहते. हॉलच्या दारात ती तशीच उभी दिसते, ते घरापासूनच तशी उभी असते म्हणून.

त्यांनी लॅपटॉप मिटला. पुन्हा उघडला आणि सगळं पुसून 'पंखा दुरुस्त करणे' असं नवीन काम मांडलं. पहिलीच ओळ आली : स्वतः वायरमनला फोन करणे. लाल. तेही पुसलं.

खोटं मांडायचा विचार मनात आला नाही असं नाही. वर्तमानपत्र काढून टाकलं की भागत होतं. चष्मेवाल्यानं तपासलं असतं तर त्याला काय कळणार होतं? मालकांना काय कळणार होतं? पण साऱ्या जगात एकच परीक्षक असा होता, की जो पूर्वी कितीदा तरी त्या न्हाणीघराबाहेर टॉवेल घेऊन उभा राहिला होता, आणि नेमका तोच त्यांच्या वाट्याला आला होता. लग्नाला निघण्याचं ते वेळापत्रक त्यांनी पुन्हा मांडलं, वर्तमानपत्रासकट, कडीसकट.

सोमवारी वर्गात मालकही मागच्या बाकावर येऊन बसले होते. प्लंबिंगवाल्यानं टाकी धुण्याचं काम मांडलं आणि पास झाला. मग मुदतरावांची पाळी आली. पडद्यावर लाल उजेड पसरला. पुढच्या बाकावरच्यांचे चेहरेसुद्धा गुलाबी दिसू लागले.

"ही सगळ्यात लांब लाल कुणाची?" प्लंबिंगवाल्यानं विचारलं.

"माझी," मुदतराव म्हणाले.

"आणि तिच्याखालची?"

"तीही माझीच."

"ती?"

"सरळ खालपर्यंत माझ्याच आहेत," मुदतराव म्हणाले. "एक मधली बायकोची. पण तिचाही दोष माझ्याकडे लावून घ्या."

सुनेनं पहिल्या पट्टीपासून सगळी साखळी तपासली. एक आंघोळ ओढून पाहिली. मागचं सगळं शहाण्यासारखं सरकलं. "जुळलंय," ती म्हणाली. "पास." मागच्या बाकावर मालकांनी मान हलवली. हॉस्पिटल मुदतरावांचं झालं. "सगळ्यांनी हे उतरवून घ्या," सून वर्गाला म्हणाली. "लाल साखळी इतकी स्वच्छ सहसा मिळत नाही. पुढच्या बॅचलाही हेच देईन म्हणते."

मंडळी वह्या काढून उतरवू लागली. इथे मुदतरावांनी बसायला हवं होतं. काम मिळालं होतं, चष्मेवाला टळला होता. पण त्यांचे पाय जागचे हलेनात. इतक्या माणसांच्या पेनाखालून आपलं वर्तमानपत्र आणि आपली कडी एकेका वहीत उतरताना ते बघत होते. ते पडद्यासमोर वळून उभे राहिले.

"मला थोडं बोलायचंय," ते म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता; दोन रांगांपर्यंतही नीट पोचत नव्हता. "आजवर जिथे जिथे आम्ही उशिरा गेलो, तिथे तिथे मी चार लोकांसमोर एका माणसाचं नाव घेतलं. त्या माणसाचा एक मिनिटाचाही उशीर नव्हता. तो माणूस गप्प बसला. मी बोलत राहिलो. इमारती बांधल्या म्हणून मिरवलो, पण घरात कोण कुणासाठी थांबलंय हे मला दिसलं नाही. मी त्या माणसाची, इथे, सगळ्यांदेखत..."

पेनं थांबली. प्लंबिंगवाल्यानं खाली बघितलं. मालकांनी खोकला आवरला. मुदतरावांनी डोळे पुसायला रुमाल काढला आणि पुढचा शब्द शोधू लागले.

सून त्यांच्याजवळ आली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, जरा डावीकडे सरकता? तुमच्या डोक्यामुळे मागच्यांना शेवटची पट्टी दिसत नाहीये."