कवडू हवालदारांनी अडवलेली रॅली

हवालदार कवडू रामटेके यांच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते आणि तेहेतीस वर्षांच्या त्यांच्या सर्व्हिस बुकात एकच वाईट शेरा होता : 'मोर्चा अडविण्यात कसूर.'

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की मोर्चे निघतात. मोर्चा निघाला की पोलीस रस्त्यावर आडवा बांबू बांधतात. बांबूपाशी मोर्चा थांबतो, पाच जणांचं शिष्टमंडळ निवेदन घेऊन पुढे जातं आणि बाकीचे घोषणा देऊन दमले की भुईमुगाच्या शेंगा फोडत बसतात. लग्नात अंतरपाट धरावा इतका हा रिवाज पक्का. पण सात वर्षांपूर्वी रिकाम्या घागरी घेतलेल्या चारशे बायका कवडूंच्या बांबूखालून वाकून निघाल्या आणि थेट मंत्र्याच्या मोटारीला भिडल्या. कवडू त्या वेळी तंबाखू मळत होते, एवढाच काय तो गुन्हा. तेव्हापासून पोलीस लायनीत कुणाच्या पायजम्याचा नाडा सुटला तरी लोक म्हणत, "कवडूचा बांबू झाला गा!" एकदा तर खुद्द जावई जेवता जेवता असं बोलून गेला. कवडू पानावरून उठले नाहीत, पण त्या दिवशी त्यांना वांग्याच्या भाजीची चव लागली नाही. ही अब्रू घेऊन घरी बसायचं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटे.

अशात एक्याऐंशीच्या डिसेंबरात जगभरच्या मोटारींची एक शर्यत नागपूरवरून जायची होती. गोऱ्या लोकांना म्हणे डांबरी रस्त्याचा कंटाळा आला होता, त्यांना कच्चा, मुरमाचा, खडी उडणारा रस्ता हवा होता. तसला रस्ता आपल्याकडे मागाल तेवढा. आयोजकांनी पोलिसांना पाच पानी इंग्रजी पत्र लिहिलं. कारकुनाने त्याचं मराठी करताना पाच पानांच्या दोन ओळी केल्या आणि त्यात मोटारी कुठेतरी सांडल्या. सगळे मोठे साहेब अधिवेशनाच्या बंदोबस्ताला, म्हणून हुकूम कवडूंच्या हाती आला : 'आंतरराष्ट्रीय रॅली कन्हानपलीकडील मुरमाच्या रस्त्याने जाणार. योग्य तो बंदोबस्त ठेवावा.'

कवडूंनी तो तीनदा वाचला. देव आंधळा नाही, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिपाई नत्थूला घेऊन त्यांनी रस्त्यावर बांबू बांधला. एक नाही, चार, खालचा तर जमिनीपासून वीतभर उंचीवर, म्हणजे मांजरही वाकून जायला नको. दोन फर्लांग अलीकडे लाल झेंडी रोवली. आणि तंबाखूची डबी नत्थूच्या स्वाधीन करून बजावलं, "मी मागितली तरी देऊ नोको."

नऊच्या सुमाराला पहिली मोटार मुरूम उधळत आली आणि करकचून ब्रेक लावून बांबूपाशी थांबली. आतून शिरस्त्राण घातलेला एक लालबुंद गोरा उतरला आणि काहीबाही ओरडू लागला.

"दादा, हे तं मोटारीवाले होय," नत्थू म्हणाला.

"मोठ्या देशाचे लोक गा थे. पायी येतीन काय मोर्च्याले?"

गोऱ्याने घाईघाईने एक छापील कार्ड पुढे केलं. त्यावर आल्या-गेल्याची वेळ लिहून घ्यायची असते. कवडूंनी त्यावर लिहिलं, 'निवेदन मिळाले. वरिष्ठांकडे पाठवू.' खाली सही ठोकली.

दर दोन मिनिटांनी एक मोटार येत होती. तासाभरात तीस मोटारींची रांग लागली आणि सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. कवडूंनी डायरीत नोंद केली : 'घोषणा दिल्या. भाषा समजली नाही.' मग कायद्याला धरून त्यांनी शिष्टमंडळ सोडायचं ठरवलं. नत्थू मॅट्रिक नापास, म्हणजे इंग्रजीत अगदीच कोरा नव्हता. तो ओरडला, "ओन्ली फाईव्ह मॅन गो!"

आता प्रत्येक मोटारीत माणसं दोन. एक चालवणारा, दुसरा वही हातात धरून वळणं वाचून दाखवणारा. पहिल्या दोन मोटारींत चार झाले. तिसऱ्या मोटारीतला चालवणारा तेवढा पाचवा, वहीवाला सहावा. कवडूंनी त्याला दंड धरून खाली उतरवलं. मोटार निघून गेली तरी तो बिचारा मैलाच्या दगडावर उभा राहून धुळीकडे बघत वळणं वाचत होता. त्याचा चालवणारा वीस मिनिटांनी एका वीटभट्टीला चक्कर मारून परत आला आणि रडकुंडीला येऊन बांबूपलीकडून हात हलवू लागला.

शेताकडे निघालेली कांताबाई विळा काखेत मारून थांबली. "काय मागून राहिले वो हवालदार, हे?"

"रस्ता."

"आमी बी दहा वर्सांपासून थेच मागून राहिलो. यायले भेटला तं सांगजा."

साडेदहाला साहेबांची जीप आली. साहेबांनी बांबू पाहिला, रांग पाहिली, मैलाच्या दगडावरचा वाचक पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"रामटेके, अहो ही शर्यत आहे!"

"शर्यत? मंग साहेब, कागदावर रॅली काहून लिवलं?"

बांबू सुटले, मोटारी भुर्रकन गेल्या, कवडूंच्या खाकीवर बोटभर मुरमाची धूळ बसली. पण एकही मोटार त्यांना न विचारता पुढे गेली नव्हती. त्या दिवशी ते कन्हानहून सायकलवर शीळ घालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना बोलावून अहवाल वाचून दाखवला. आयोजकांशी बोलून त्यांनी प्रकरण मिटवलं होतं. 'चहापाण्याकरिता मोटारी स्वखुशीने थांबल्या. पोलिसांचा संबंध नाही.' आता रामटेके पाया पडतात की काय, असं साहेबांना वाटलं.

"स्वखुशीनं?" कवडूंचा आवाज चिरकला. "साहेब, थे लोक मले माराले धावून राहिले होते! मी अडवली!"

"अहो, तसं लिहिलं तर शिक्षा होईल तुम्हाला. आठवडा राहिलाय. शहाण्यासारखे घरी जा."

कवडू घरी गेले नाहीत. कचेरीच्या पायरीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली आणि मूठ उंचावून ओरडले, "कवडू रामटेके यांना शिक्षा..."

उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग त्यांनीच दिलं, "झालीच पाहिजे!"

त्यांना उचलायला साहेबांनी नत्थूला पाठवलं. नत्थूला मोर्चेकरी उचलायचा अनुभव नव्हता. "बगलेतून धर," कवडूंनी त्याला शिकवलं, "अन् पाय घासटू दे, नाहीतर तुही कंबर जाईन." नत्थूने धरलं, पण उचलायच्या आधी तो स्वतःच रडू लागला.

दुपारी त्यांची बायको रंभाबाई डबा घेऊन आली. "अवो, काय करून राहिले? लोकं शिक्षा टळावी म्हनून नवस करतेत."

कवडूंनी तिला सगळं सांगितलं. तिने डबा पायरीवर ठेवला. मग पदर खोचून शेजारी बसली आणि तिचा खणखणीत आवाज आतल्या टेबलांपर्यंत गेला, "झालीच पाहिजे!"

चारच्या ठोक्याला साहेब बुक घेऊन बाहेर आले आणि पायरीवरच लिहू लागले. 'आंतरराष्ट्रीय रॅली एकट्याने, विनाकारण अडविली. सक्त ताकीद.'

"एकट्यानं नाही, साहेब. नत्थू..."

मागे नत्थू हात जोडून जोरजोरात मान हलवत होता.

"असू द्या," कवडू म्हणाले. "एकट्यानंच."

त्यांनी शेऱ्याखाली सही केली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. रंभाबाईला वाचता येत नव्हतं. तिने घाबरून विचारलं, "काय लिवलं वो त्यायनं?"

"अडवली," कवडू म्हणाले. "अडवली असं लिवलं वं."